‘वाटणे’ या क्रियापदाची अडचण : भोर-वेल्ह्यातील बालकांची भीती व शालेय समुपदेशकांचे प्रशिक्षण

बालकांच्या चिंताविकारावर शाळेतच उपचार व्हावेत, आणि ते करण्यासाठी शिक्षकांना वा शालेय समुपदेशकांना प्रशिक्षण द्यावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ नाहीत. जे आहेत ते बहुतांशी शहरांत. म्हणूनच २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आली. मात्र अशा प्रशिक्षणाचा एक भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. तो भाग भाषेचा होय.

चिंताविकारावरील जी उपचारपद्धती सर्वाधिक तपासली गेली आहे, तिच्यात विचार, भावना व वर्तन यांचा परस्परसंबंध मुलाला उलगडून दाखवतात. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील फिलिप केंडॉल यांनी ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आखलेल्या सोळा बैठकींच्या उपचारक्रमाची परीक्षा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पूर्वार्धात भीती ओळखण्याचे व तिला तोंड देण्याचे उपाय शिकवले जातात. उत्तरार्धात भीतीच्या प्रसंगांना पायरीपायरीने प्रत्यक्ष सामोरे जाण्याचा सराव होतो. २००८ मध्ये अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेल्या परीक्षेत केवळ या पद्धतीने सुमारे ६० टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. निव्वळ भासऔषध दिलेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. तेव्हा पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी फारसा वाद नाही. प्रश्न आहे तो ती मराठीत, आणि तीही भोर-वेल्ह्याच्या मराठीत, कशी उतरते हा.

विचार, भावना आणि वर्तन ही त्रयी वेगळी करणे हा या पद्धतीचा पाया आहे. परंतु मराठी मूल या तिन्ही गोष्टी एकाच क्रियापदाने सांगते. ‘गुरुजी रागावतील असं वाटतं’ हा विचार झाला. ‘भीती वाटते’ ही भावना झाली. ‘शाळेत जावंसं वाटत नाही’ ही टाळण्याची प्रवृत्ती झाली. इंग्रजी पुस्तिकेतील ‘तू काय विचार करतोस’ आणि ‘तुला काय जाणवते’ हे दोन स्वतंत्र प्रश्न बोली मराठीत सहज ‘तुला काय वाटतं?’ या एकाच प्रश्नात विरून जातात. मुलाने ‘भ्या वाटतं’ एवढे उत्तर दिले की संभाषण संपते. प्रशिक्षणार्थी समजतो की मूल बोलत नाही. वास्तविक मुलाने प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलेले असते. अपुरा असतो तो प्रश्न.

यावर उपाय मराठीतच आहे. ‘मनात काय आलं?’, ‘अंगात काय झालं?’ आणि ‘मग तू काय केलंस?’ हे तीन प्रश्न घेतले तर तिन्ही अंगे आपोआप सुटी होतात. येणे, होणे आणि करणे ही तीन क्रियापदे येथे हेतुपूर्वक वेगळी ठेवावयाची आहेत. पहिल्या दोन प्रश्नांत मूल कर्ता नसते. विचार येतो, शरीरात काही होते. त्यासाठी ते जबाबदार ठरत नाही. तिसऱ्या प्रश्नात मात्र ते कर्ता होते, आणि उपचाराला जे बदलावयाचे असते ते प्रथम येथेच बदलते. व्याकरणातील हा क्रम उपचाराच्या क्रमाशी जुळतो, हे प्रशिक्षकाने स्पष्ट करून दाखवावे.

दुसरा मुद्दा शरीराच्या शब्दांचा. ‘चिंता’ हा परिभाषेतील शब्द मुलाच्या तोंडी क्वचितच येतो. ‘काळजी’ येतो, पण त्यात आस्थाही असते. आई काळजी करते आणि काळजी घेतेही. मूल म्हणते ते ‘कसंतरी होतंय’, ‘पोटात गोळा आला’, ‘छातीत धडधडतंय’, ‘हातपाय गार पडले’. सकाळी शाळेच्या वेळी दुखणारे आणि सुटीच्या दिवशी थांबणारे पोट हे पुष्कळदा ढोंग नसून भीतीचे निवेदन असते. शारीरिक आजार नाही याची खात्री करून घेतल्यावर शिक्षकाने ते तसे ऐकावे. उलट ‘भित्रा’, ‘भागूबाई’ ही विशेषणे घटनेचे रूपांतर स्वभावात करतात. ‘तुला भीती वाटली’ या वाक्यातील भीती येते आणि जाते. ‘तू भित्रा आहेस’ या वाक्यातील भीती जात नाही. ‘भागूबाई’ हे विशेषण तर मुलग्याला बाईपणाचा दोष लावते, आणि मग तो पोटदुखीखेरीज काही सांगत नाही.

तिसरा मुद्दा प्रदेशाचा. भोर आणि वेल्हे (ज्याच्या ‘राजगड’ या नामांतराला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली) हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुके. वाड्यावस्त्या विखुरलेल्या, पाऊस प्रचंड, वाटेत ओढे. पुणे जिल्ह्यातच, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून माळीण गाव गाडले गेले. अशा मुलखात ‘ओढ्याची भीती वाटते’ आणि ‘फळ्यापाशी जायची भीती वाटते’ ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या सारखी, पण उपचारदृष्ट्या भिन्न आहेत. पहिली भीती पावसाळ्यात मुलाचा जीव वाचवते. तिच्यावर उपचार करावयाचा नसतो, साकव बांधावयाचा असतो. दुसरीसाठी पायऱ्या आखाव्यात : आधी जागेवरून उत्तर, मग मित्राबरोबर फळ्यापर्यंत, मग एकट्याने एक ओळ. कोणती भीती कोणत्या प्रकारची, हे ठरविण्यापूर्वी समुपदेशकाने मुलाची वाट चालून पाहणे आवश्यक आहे.

प्रशिक्षण कोणाला द्यावे, याविषयीही सावधगिरी हवी. बिहारमधील माध्यमिक शाळांतील ‘सेहर’ या उपक्रमाची परीक्षा विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. तेथे शाळेतील वातावरण व मुलांची खिन्नता यांवर तोच कार्यक्रम स्थानिक समुपदेशकांनी राबविला तेव्हा लाभ झाला. शिक्षकांनी राबविला तेव्हा झाला नाही. तो उपक्रम चिंताविकारापुरता नव्हता, आणि फरकाची कारणे अनेक असू शकतील. तथापि एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकास सहज दिसते. शिक्षकाचा ‘का घाबरतोस रे?’ हा प्रश्न वर्गात प्रश्न राहत नाही, दटावणी होतो. ज्या नात्यात ‘का’ हा शब्द जाब विचारण्यासाठी वापरला जातो, त्या नात्यात त्याचा उपयोग उपचारासाठी करता येत नाही. शिक्षकालाच हे काम करावयाचे असेल, तर ‘का’ टाळून ‘काय’ आणि ‘कधी’ यांनी विचारण्याचा सराव त्याला प्रथम द्यावा लागेल.

मराठीत अशा कामाची परंपरा नाही असे नव्हे. अल्बर्ट एलिस यांची उपचारपद्धती मराठीत रुजविताना कि. मो. फडके यांनी परिश्रम घेतले, आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द आज सुशिक्षित वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु ती भाषा प्रौढ वाचकाची. नऊ वर्षांच्या मुलासाठी तसेच कार्य अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते परिभाषाकोशातून होणार नाही. प्रत्येक तालुक्यातील मुले भीती कोणत्या शब्दांत सांगतात याची नोंद प्रशिक्षणार्थींनीच करावी आणि ती पुस्तिकेस जोडावी. प्रकरण हाताबाहेरचे असल्यास मुलाला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवावे, किंवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. मात्र कोणते प्रकरण हाताबाहेरचे, हे कळण्यासाठीही मुलाचे वाक्य आधी नीट ऐकता आले पाहिजे.