सगळं सेम-सेम का वाटतं?

आजचा विषय म्हणजे हल्ली सगळेच करतात ती तक्रार: नवीन काही येतच नाही यार, नुसते सिक्वेल. तक्रार खोटी नाही. 2024 मध्ये जगभरात सगळ्यात जास्त कमावणारे पहिले तिन्ही सिनेमे सिक्वेलच होते: 'इनसाइड आउट 2', 'डेडपूल अँड वुल्व्हरिन', 'मोआना 2'.

पण पूर्वी सगळं ओरिजिनल होतं, हे काही मला पटत नाही. आपली लाडकी 'अशी ही बनवाबनवी' (1988) सुद्धा 1966 च्या 'बीवी और मकान'वर बेतलेली. बदललंय ते वेगळंच. मी रेकमेंडेशनचा कोड लिहितो, म्हणून मला ते रोज दिसतं.

समजा, तुम्ही नव्या शहरात राहायला गेलात. पहिल्याच आठवड्यात एका ठिकाणी बरी मिसळ मिळाली. आता रोज तिथेच जायचं, की दुसरीकडे ट्राय करायचं? वर्षभर राहणार असाल तर फिरा. चार ठिकाणी पैसे वाया जातील, पण पाचवं भारी निघालं तर पुढे वर्षभर मजा. उद्याच परतीची गाडी असेल तर? गुपचूप ओळखीच्या ठिकाणी. आमच्याकडे ह्याला एक्सप्लोर-एक्सप्लॉइट म्हणतात. हातात वेळ जितका कमी, तितकं नवीन करून बघणं तोट्याचं.

आता सिनेमाचं बघा. शुक्रवारी रिलीज, चालला नाही तर सोमवारी शो कमी. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं तरच प्ले मोजला जातो. मग लांब, निवांत सुरुवात कोण ठेवणार? माणसं भित्री झाली असं नाही, मुदत आखूड झाली.

त्यात नव्या माणसाची वेगळीच गोची. त्याचा डेटाच नसतो. सिस्टीमला तो वाईट वाटत नाही, अनोळखी वाटतो. पण रिझल्ट एकच, यादीत खाली. ह्यावर जुना उपाय आहे: ज्याच्याबद्दल खात्री कमी, त्याला थोडे जास्तीचे मार्क द्यायचे. नाव 'अपर कॉन्फिडन्स बाउंड', कोड जेमतेम चार ओळी. पण त्याने आजचे क्लिक कमी होतात, फायदा दिसतो सहा महिन्यांनी, आणि मीटिंगमधला ग्राफ असतो आठवड्याचा!

'सैराट' (2016) आठवा. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर, दोघांचाही पहिलाच सिनेमा. डेटा शून्य. दोन वर्षांत हिंदीत त्याचा रिमेक आला, 'धडक'. म्हणजे सेफ खेळायलाही आधी कुणीतरी रिस्क घेतलेली लागतेच. आणि असं काही पहिल्या शंभर लोकांपर्यंतच पोचलं नाही, तर आपण काय मिस केलं हे आपल्याला कळणारही नाही.

तोवर एक जुगाड: नवं चॅनल आवडलं तर व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. तेवढाच त्याचा डेटा.