समुद्राकाठचा प्लॉट आणि काळ्या मातीचा हिशोब

मे महिन्यात अमळनेरचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे सरकला की मोबाईलवर समुद्र येतो. नारळाची झाडं, निळं पाणी आणि खाली मजकूर : ‘सी-टच, 5 गुंठे, क्लिअर टायटल, बुकिंग सुरू.’ आमच्या नात्यातल्या एका आप्पांनी यंदा अशी जाहिरात मला दाखवली. निवृत्त शिक्षक, चार एकर कपाशी, हाताशी थोडी पुंजी. आमच्या गावात असा मोह होण्याला एक जुनं कारणही आहे. 1945 साली इथे सुरू झालेल्या तेलाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली आणि ज्यांच्या आजी-आजोबांनी तिच्या शेअरचे कागद पेटीत जपले, त्यांचं काय झालं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यामुळे कागद घ्यावा आणि वाट बघावी, हा आमचा विश्वास पक्का. आप्पांनी मला एवढंच विचारलं, “तठे पानी बी शे ना?”

प्रश्न अगदी योग्य होता. पण त्याच्या आधी आणि नंतर जे गृहीत धरलेलं असतं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

“आपण जळगावचे, कोकणात शेतजमीन मिळणार नाही”

मिळते. महाराष्ट्राच्या कूळकायद्याचं कलम 63 शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला अडवतं. राज्यात कुठेही तुमच्या नावावर शेती असेल, तर अमळनेरचा सातबारा दाखवून श्रीवर्धनची जमीन घेता येते. अडचण असते ती शेती नसलेल्या नोकरदाराला. त्याने अकृषिक झालेलाच प्लॉट घ्यावा, किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी.

गोव्याचं गणित वेगळं. मांडवी नदीतली दिवाडी आणि चोडण ही बेटं फेरीबोटीने दहा मिनिटांवर, दिसायला स्वप्नासारखी. पण तिथली बरीच जमीन खाजन म्हणजे बांध घालून राखलेली भातशेती आहे आणि 2023 च्या गोव्याच्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याच्या नावावर करायला बंदी घातली आहे. शिवाय तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक मानली जाते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही नसेल तर तो व्यवहार अर्धवटच.

“सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली”

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसा याच समजुतीत बुडतो. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी धरतात, एवढंच. मालकी ठरते खरेदीखत, वारसा, वाटणीपत्र यांवरून. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर तीन-चार भाऊ असतात. कोकणात चाळीस नावं सापडतात, त्यातली निम्मी मुंबईत, काही परलोकात. ‘5 गुंठे’ विकणारा बहुतेक वेळा त्यातला एकच हिस्सेदार असतो. तुम्हाला मिळतो तो सामाईक सातबाऱ्यावरचा एकेचाळिसावा नंबर. तुमचे पाच गुंठे नेमके कुठले, हे पोटहिस्सा मोजणी झाल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

त्यात तुकडेबंदीचा 1947 चा कायदा. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे ठरलं. त्याहून लहान तुकडा शेती म्हणून तोडून घेताना नोंदणी आणि फेरफार अडकतात. जाहिरातीतले पाच गुंठे अकृषिक आहेत की नुसते कागदावर रंगवलेले, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न भोगवटादार वर्गाचा. वर्ग 1, म्हणजे विकायला मोकळी, असेल तर ठीक. वर्ग 2, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, असेल, किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची नोंद असेल, तर फेरफार (नमुना 6) पार मागेपर्यंत वाचावा लागतो. कुळाने कायद्याने विकत घेतलेल्या जमिनीच्या विक्रीवर कलम 43 चं बंधन आहे. खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील, तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरून ते सुटतं. रक्कम किरकोळ असते, पण न भरता झालेला व्यवहार पुढे डोकं वर काढतो. आणि त्या रकान्यात ‘खाजगी वन’ असे दोन शब्द दिसले, तर चहाचे पैसे देऊन उठावं. 1975 च्या कायद्याने अशी वनं सरकारजमा झाली आहेत.

“समुद्राला जितकं जवळ, तितकं भारी”

किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 ची, नंतर 2011 ची आणि आता 2019 ची. भरतीच्या कमाल रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा तिच्याखाली येतो. ग्रामीण भागात गावाची लोकसंख्या चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त असेल तर पहिले 50 मीटर बांधकामाला बंद, कमी असेल तर 200 मीटर. कोकणातल्या बहुतेक खेड्यांत एवढी दाटी नाही, म्हणजे दोनशेच धरा. जुन्या अधिकृत घरांची दुरुस्ती चालते, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या मच्छीमारांना सवलती आहेत. अमळनेरच्या आप्पांना नाहीत. जाहिरातींमधलं ‘समुद्रापासून 100 मीटर’ हे वाक्य त्यामुळे भुरळ पाडणारं कमी आणि कबुलीजबाब जास्त.

“बांधून तर टाकू, नंतर नियमित होतं” असं ऐकवणारे भेटतात. त्यांना केरळ दाखवावं. कोचीजवळच्या मराडूमधल्या, हेच नियम मोडणाऱ्या चार इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 11 आणि 12 जानेवारी 2020 ला स्फोटकांनी पाडल्या, माणसं राहत असलेले फ्लॅट रिकामे करून. त्याच महिन्यात वेंबनाड सरोवरातल्या नेडियातुरुत्तु बेटावरचं आलिशान रिसॉर्ट पाडण्याचा हुकूम कायम झाला.

गंमत म्हणजे खुद्द कोकणी माणसाने समुद्राकडे तोंड करून घर कधी बांधलंच नाही. दिवेआगर किंवा मुरुडच्या गावात नीट बघा : आधी पुळण, मग सुरूची झाडं, मग नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या आडोशाला, रस्त्याच्या अंगाला घर. ओटीवरून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला आदळलं तेव्हा पत्रे कागदासारखे उडाले आणि पोफळी मुळासकट झोपल्या. वाडीची जागा तिथेच का, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

“बोअर मारू, पाणी लागेलच”

आता आप्पांचा प्रश्न. आम्हा खानदेशी माणसांचा पाण्याविषयीचा सगळा अनुभव एका दिशेचा : वर नाही लागलं तर खाली जा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर किती खोल गेले, ते सांगायला नको. बेटावर आणि समुद्राला चिकटलेल्या वाळूत हा अनुभव उलटा फिरतो. तिथे पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय धरावी तसं. हलकं असल्यामुळे ते तरंगतं, आणि ढोबळ हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी असतं. म्हणजे पंप लावून वरचं एक फूट उतरवलंत, तर खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. खोल जाल तितकं खारट, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागतात.

लक्षद्वीपमध्ये हेच दुखणं आहे. कवरत्तीला 2005 साली समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभारावा लागला. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या तिथल्या फोटोंनंतर ‘लक्षद्वीपला जागा घेऊ’ अशी हवा आमच्या चहाच्या टपरीवरही होती. वस्तुस्थिती अशी की 36 बेटांचं मिळून क्षेत्रफळ 32 चौरस किलोमीटर, वस्ती फक्त दहांवर, बाहेरच्याला नुसतं जायलाही परवाना लागतो आणि जमीन स्थानिकांच्या हातून बाहेर जाऊ नये म्हणून 1965 पासून नियमन आहे. अंदमानातही ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली, आणि आदिवासी राखीव क्षेत्रात 1956 पासून बाहेरच्याला दार बंद.

परदेशाची गोष्ट दोन वाक्यांत. बालीत पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते, म्हणून ‘स्थानिक मित्राच्या नावावर घेऊ’ म्हणणाऱ्याने मित्रालाच बंगला दिला असं समजावं. मॉरिशसमध्ये मराठी माणसं दीडशेहून जास्त वर्षं राहत असली, तरी पाण्यालगतची सुमारे 81 मीटरची पट्टी सरकारी आहे, ती विकत मिळत नाही, आणि आपल्याकडूनही एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात.

“आपला गवंडी नेऊ, स्वस्तात होईल”

आमचा गवंडी चांगला आहे, पण त्याचा हात सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाच्या गावात बसलेला. आमची जुनी घरं धाब्याची, सपाट मातीच्या छपराची. उन्हाळ्यात वर झोपायचं, मिरच्या वाळवायच्या. कोकणात याच्या चौपट पाऊस. तिथे जांभ्याच्या भिंती आणि उतरती कौलं उगाच आलेली नाहीत. सपाट स्लॅब टाकलाच, तर दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर पत्र्याची शेड चढते. कोकणातल्या नव्या बंगल्यांच्या माथ्यावर निळे-लाल पत्रे दिसतात ते यासाठी.

खरा शत्रू मात्र पाऊस नाही, मीठ आहे. खारी हवा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. भारतीय मानक 456 मध्ये साध्या कोरड्या वातावरणात सळईवर 20 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण आणि एम-20 प्रत चालते. समुद्राच्या हवेत तेच 45 मिलिमीटर आणि एम-30, लाटांचे तुषार पोचत असतील तर 50 आणि एम-35. आमच्याकडे स्लॅबखाली खडीचा तुकडा सरकवून ‘कव्हर’ देतात. तो तुकडा तिथे पुरणार नाही. आणि बांधकामाला पाणी कुठलं, हाही प्रश्न आहेच. खारावलेल्या विहिरीचं पाणी काँक्रीटमध्ये घातलं, तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत.

बेट असेल तर विटेपासून वाळूपर्यंत सगळं होडीने. विजेचं म्हणाल, तर मुंबईसमोरच्या, गेटवेवरून दिसणाऱ्या घारापुरी बेटाला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती 2018 साली.

आप्पांनी जागा बघायला जायचं ठरवलंय. कापूस विकून हात मोकळे झाले की डिसेंबरात जाऊ म्हणतात, सगळे तेव्हाच जातात. मी सांगितलं, दोन वेळा जा. एकदा जुलैत, पेरणी आटोपून, मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँचा बंद असतात तेव्हा, म्हणजे वाट, छप्पर आणि भरतीची रेषा दिसेल. आणि एकदा मेअखेर, तेव्हा शेजारच्या विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघा. पैसे त्यानंतर द्या, आणि तेही स्वतः नेमलेल्या वकिलाने तीस वर्षांचे कागद तपासल्यावर.