पॉयझन की व्हेनम?

मराठीत दोन्ही ‘विष’च. इंग्रजीत मात्र पोटातून, श्वासातून किंवा त्वचेतून भिनते ते पॉयझन. दंशातून टोचले जाते ते व्हेनम. शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात हा फरक जिवावर बेतू शकतो. कोपीत जमिनीवर झोपलेल्याला मण्यार रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटदुखी, उलट्या. घरचे म्हणतात, अन्नातून विषबाधा! पण पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर सर्पदंशाचा संशय घ्यावा आणि १०८ ला फोन करावा. उपचार वेगळे आहेत: घोड्याच्या रक्तापासून बनवलेली सर्पदंशाची लस कीटकनाशक प्यायलेल्याला उपयोगाची नाही, त्यातल्या अनेकांना ॲट्रोपिन लागते. म्हणून डॉक्टरांना नुसते ‘विषबाधा’ म्हणू नका. रुग्ण रात्री कुठे झोपला होता, तेही सांगा.