लॅपटॉप बंद पडला, वही बुडाली नाही

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा. बँकेच्या नोकरीत या आठवड्याने वर्षानुवर्षे माझी झोप उडवली होती. निवृत्तीनंतर तरी तो शांततेत जाईल, अशी अपेक्षा होती. परंतु गेल्या वर्षी ऐन मार्चअखेरीस सांगलीच्या मार्केट यार्डातून पुतण्याचा दूरध्वनी आला. “जय जिनेंद्र काका. पेढीचा लॅपटॉप सुरूच होत नाही. हळदीचा हंगाम भरात आहे आणि सगळा हिशेब त्यातच आहे.”

मी पोहोचलो तेव्हा तो खिन्नपणे गादीवर बसला होता. बटण दाबले की दिवा लागे, आतला पंखा फिरे. पण पडदा काळाच राही. जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने निदान केले होते, “मदरबोर्ड गेला. आतले काही मिळायचे नाही, नवा घ्या.”

मला चिंता वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपले येणे बुडाले तर नुकसान आपले होते. अडतीच्या पेढीवर मात्र खतावणीची दुसरी बाजू अधिक जड असते. कोणत्या शेतकऱ्याची पट्टी द्यायची राहिली, कोणाची उचल किती फिटली, हे सारे त्यात असते. तो हिशेब हरवला तर आपण दुसऱ्याच्या पैशाचे उत्तर कशाच्या आधारे देणार? शेतकरी सांगेल तो आकडा मान्य करावा तर पेढी अडचणीत येते; न करावा तर आजोबांपासूनची पत जाते.

म्हणून प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की केली. लॅपटॉप बंद पडणे आणि माहिती नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत. माहिती असते ती हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर. तिजोरीच्या खोलीतले दिवे गेले म्हणून आतली रोकड नाहीशी होत नाही.

मग क्रमाने तपासणी केली. हा क्रम वाचकांनीही लक्षात ठेवावा. दिवाच लागत नसेल तर आधी दुसरा चार्जर व भिंतीवरचा दुसरा सॉकेट वापरून पाहावा. त्यानंतर चार्जर काढून सुरू करण्याचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा चार्जर लावून पाहावे. पंखा फिरतो पण पडदा काळा असेल तर एचडीएमआय केबलने घरचा टीव्ही जोडावा. कित्येकदा बिघाड केवळ पडद्याचा असतो. कंपनीचे चिन्ह दिसून यंत्र तेथेच अडत असेल, तर दोष बहुधा विंडोजच्या सुरुवातीच्या टप्प्यात असतो. अशा वेळी दुसऱ्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा, त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि केवळ ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा. लॅपटॉपमध्ये काहीही न बसवता आतल्या फाइल्स दिसतात व बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात.

या गडबडीत काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. माहिती हाती येण्यापूर्वी कोणी “फॉरमॅट मारून देतो” म्हणाले तर ठाम नकार द्यावा. विंडोजच्या दुरुस्तीच्या यादीतला ‘रीसेट’ हा पर्यायही तोवर निवडू नये. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे आणि डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच सोपवावी. पुनःपुन्हा सुरू करून पाहिल्याने ती अधिक बिघडते.

आमच्या लॅपटॉपच्या बाबतीत टीव्ही जोडूनही पडदा काळाच राहिला. तेव्हा दुसऱ्या, जाणत्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने आमच्यासमोर मागचे झाकण उघडून आतली एसएसडी काढली. ती एका छोट्या डबीसारख्या एन्क्लोजरमध्ये बसवली आणि यूएसबीने दुसऱ्या लॅपटॉपला जोडली. साटा आणि एनव्हीएमई या दोन प्रकारांना निरनिराळी एन्क्लोजर लागतात, हे तेव्हा कळले. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर ही चिप मदरबोर्डलाच जोडलेली असते. तेथे हा मार्ग चालत नाही.

डिस्क दिसली, पण उघडली नाही. पडद्यावर मागणी आली ती बिटलॉकरच्या ४८ अंकी किल्लीची. पुतण्याने असे नावही ऐकले नव्हते. नव्या लॅपटॉपमध्ये ही कुलूपबंदी पुष्कळदा आपोआप सुरू होते आणि तिची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते. यंत्र चोरीला गेले तरी माहिती परक्याच्या हाती पडू नये, हा तिचा हेतू. किल्लीवाचून तंत्रज्ञही हतबल असतो. खाते कोणाचे, असे विचारता उलगडा झाला. लॅपटॉप घेतला तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या नातवाने स्वतःच्या ईमेलवर तो सुरू करून दिला होता. नातवाला दूरध्वनी केला. पडद्यावरचा ओळखक्रमांक त्याने खात्यातल्या नोंदीशी जुळवला आणि ४८ अंक वाचून दाखवले. कुलूप उघडले. टॅलीचा डेटा असलेला संपूर्ण फोल्डर आम्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवला. दुसऱ्या संगणकावर तो उघडला तेव्हा आदल्या संध्याकाळची शेवटची पट्टीही जागेवर होती. पुतण्याने डोळे पुसले. मीही चष्मा पुसण्याचे निमित्त केले.

मग मी विचारले, “पेनड्राइव्हवरची शेवटची प्रत कधीची?” उत्तर आले, “दिवाळीतली, वहीपूजनाच्या दिवशीची.”

आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा रोजचे कामकाज संपल्यावर प्रत काढल्याशिवाय कोणी घरी जात नसे, आणि तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असत. पेढीलाही हीच शिस्त हवी. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुकानाबाहेर असावी. लॅपटॉपला कायम खोचलेला पेनड्राइव्ह ही खरी सुरक्षित प्रत नव्हे; व्हायरस शिरला तर दोन्ही एकदमच जातात. कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. नियम ५७ प्रमाणे संगणकीय नोंदींची अशी प्रत ठेवणे बंधनकारक आहे, की अपघात झाला तरी माहिती वाजवी मुदतीत पुन्हा उभी करता यावी.

आता पेढीचे दार लावण्यापूर्वी प्रत निघते आणि ती डिस्क सूनबाईंच्या ताब्यात घरी जाते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली जाते, कारण उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. ४८ अंकांची किल्ली कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे.

वाचकांना एवढीच विनंती, की आज रात्री दुकान बंद करताना दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: माझ्या हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे? आणि माझ्या लॅपटॉपची किल्ली कोणाच्या खात्यात आहे?