कारंजात दिलेला शब्द

धनज बुद्रुकहून कारंजाला जाणं झालं की गुरुमंदिराकडे पाय वळतातच. मंदिर १९३४ सालचं, आत निर्गुण पादुका. पण इथली गोष्ट त्याहून कितीतरी जुनी.

दत्ताचा अवतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती इथलेच. त्यांचं चरित्र सांगणाऱ्या ‘गुरुचरित्रा’त येतं, की मुंज झाली नि मुलगा काशीला निघाला! आई अंबाभवानी कोसळली. त्याने शब्द दिला: तुला आणखी मुलं होतील, आणि तीस वर्षांनी मीही भेटेन. ती म्हणाली, एक मूल होईपर्यंत तरी थांब. (आईच ती!) जुळी झाली, मग तो गेला. पुढे खरंच परतला.

मला मात्र मधली तीस वर्षं मोठी वाटतात. नुसत्या शब्दावर काढलेली. ग्रंथात निरोप बाराव्या अध्यायात, भेट लगेच तेराव्यात.