वस्तीची पंगत : आखणी कशी करायची आणि कोणासाठी?

शनिशिंगणापूर म्हटले की घरांना कवाडे नसलेले गाव, एवढेच बाहेरच्या माणसाला माहीत असते. पण घराला कवाड नसणे आणि शेजाऱ्याला जेवायला बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी अनेक विहारांत भोजनदान होते. या परिसरातल्या वस्त्यांनी ते आपल्यापुरते न ठेवता सगळ्या शेजाऱ्यांची एक पंगत करावी, असे आम्ही सुचवतो.

जेवणावळीत काय एवढे, असे काही तरुण विचारतात. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत दिली आहे. तिथे एका अस्पृश्य माणसाने आपल्याच लोकांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. तेवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारले. २० मार्च १९२७ ला महाडमध्येही परिषदेला आलेल्यांचे अन्न मातीत कालवले गेले. म्हणजे आपल्या माणसांनी एकत्र बसून चांगले जेवणे ही कधीच साधी गोष्ट नव्हती. मात्र त्याच ग्रंथात बाबासाहेब हेही बजावतात, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. म्हणून पंगतीकडून अपेक्षा माफक ठेवू : ओळख व्हावी आणि पुढच्या कामाला माणसे मिळावीत.

तारीख

पौर्णिमा शनिवारी आली तर पंगत दुसऱ्या दिवशी ठेवा. शनिवारी आणि अमावस्येला इथे भाविकांची गर्दी असते, रस्ते भरतात. आपलीही मुले पार्किंगवर, हॉटेलांत, दुकानांवर कामाला असतात. वेळ संध्याकाळची ठेवा. तीन आठवडे आधी बैठक घ्या आणि कामे नावानिशी वाटा.

निमंत्रण

सगळ्यात अवघड भाग हाच. जानेवारी २०१३ मध्ये शेजारच्या सोनई परिसरात तीन मेहतर तरुणांची हत्या झाली. आपण निषेध केला, मोर्चे काढले. पण मेहतर, मातंग, भिल्ल, पारधी कुटुंबांना आपल्या कार्यक्रमाचे निमंत्रण किती वेळा गेले? वरच्यांनी आपल्याला दूर ठेवले हे आपण बोलतो. आपण कोणाला दूर ठेवले, हेही तपासले पाहिजे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोनई-भेंड्याच्या कारखान्यांसाठी ऊसतोड टोळ्या येऊ लागतात. आल्या असतील तर त्यांच्या कोप्यांवरही जा. गावातल्या मराठा, धनगर, मुस्लिम शेजाऱ्यांनाही सांगा. निमंत्रण मोबाइलवरच्या मेसेजने देऊ नका. दोघे-तिघे घरी जा, त्यात एक ताई असू द्या. कोणी आले नाही तर राग धरू नका, पुढच्या वर्षी पुन्हा जा.

स्वयंपाक आणि वाढप

८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शनीचा चौथरा महिलांना खुला झाला. आपण त्या देवाला मानत नाही, पण हक्क हक्कच असतो. आता आपल्या पंगतीकडे पाहू : दिवसभर राबणारी बाईच शेवटी जेवते. म्हणून नियम करा. भाजी चिरणे, वरण-भात, वाढप आणि भांडी हे सगळे पुरुष कार्यकर्त्यांकडे. आयाबाया आणि मुले पहिल्या पंगतीला. भाकरी घरटी पाच, सगळ्या वस्त्यांतून गोळा करा आणि एकाच टोपलीत मिसळा. कोणाच्या घरची भाकरी कोणी खाल्ली, हे कळता कामा नये.

शंभर माणसांना, सोबत भाकरी असेल तर, साधारण आठ ते दहा किलो तांदूळ आणि चार-पाच किलो तूरडाळ पुरते. जेवण शाकाहारी ठेवा, म्हणजे कोणाला नाही म्हणायला निमित्त उरत नाही. खीर शेवटी करा, लवकर केली तर नासते.

परवानगी आणि हिशोब

मांडव रस्त्यावर येणार असेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी घ्या आणि पोहोच जपून ठेवा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. डीजे नकोच, त्याच्या भाड्यात पूर्ण पंगत उठते. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्या, कोणावर सक्ती नको. जमा-खर्चाचा कागद दुसऱ्याच दिवशी विहाराच्या भिंतीवर लावा. वस्तीतले अर्धे भांडण तिथेच मिटते.

कार्यक्रम

त्रिसरण-पंचशील, मग दहा मिनिटांचे एकच भाषण. सत्कार नकोत, पुढाऱ्यांसाठी वेगळ्या खुर्च्या नकोत. सगळे एका ओळीत सतरंजीवर. ज्येष्ठांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची, मग ते कोणीही असोत. पाचवे शील म्हणून झाल्यावर मांडवामागे बाटली दिसली, तर सगळी मेहनत वाया जाते. हे तरुणांना आधीच सांगा.

जेवण झाल्यावर लगेच पांगू नका. एक वही फिरवा. कोणाचा जातीचा दाखला अडला आहे, कोणाच्या मुलीची शाळा सुटली आहे, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, ते लिहून घ्या आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्यातली दोन कामे तरी करा.

आणि हो, वरणावर तूप वाढायला विसरू नका. प्रत्येकाच्या पानात.

जय भीम.