पडद्यावरचे माप

दिवाळीच्या पाडव्याला नवी वही सुरू करताना आपल्या पेढ्यांवर आणखी एक काम होत असे: दुकानाच्या नावाची दिनदर्शिका ठरलेल्या ग्राहकांना देण्याचे. ती वर्षभर त्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेली राही. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, पाहुण्यांचे येणे, सारे तिच्यावरच टिपले जाई. दुकानाचे नाव असे रोज नजरेसमोर असे, आणि त्यासाठी कोणाला हाका माराव्या लागत नसत. आज ती भिंत फोनच्या पडद्यावर आली आहे.

या पडद्यावरून अनेक घरांत पिता-पुत्रांचे मतभेद होतात. मुलगा म्हणतो, "पप्पा, पाच हजार फॉलोअर विकत घेऊन टाकू." वडील उत्तरतात, "ग्राहक विकत मिळत असते, तर तुझ्या आजोबांनी आयुष्यभर ओट्यावर बसून कशाला काढले असते?" नव्या माध्यमाकडे पाठ फिरविणे आता परवडणारे नाही, हे मुलाचे म्हणणे खरे आहे. पत विकत मिळत नाही, हे वडिलांचे म्हणणेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही सत्ये एकत्र नांदली, तरच पेढी पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जाईल.

तालुक्याच्या गावातील भांड्यांच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. आरंभ खर्चाविना करता येतो. छोट्या व्यावसायिकांसाठी 2018 मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर पत्ता, वेळ आणि मालाची सचित्र यादी विनामूल्य ठेवता येते. त्यातील प्रसारण यादीत एका वेळी 256 क्रमांक घेता येतात. पण ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो. ही अडचण नव्हे, ही शिस्त आहे. म्हणून बिल देताना "आमचा नंबर जतन करून ठेवा" असे नम्रपणे सांगावे, आणि संदेश नको म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे. अनोळखी माणसांना विचारल्यावाचून समूहात ओढणे म्हणजे बोलावणे नसताना कोणाच्या घरात शिरणे होय.

त्याच आठवड्यात गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी. तीही विनामूल्य आहे. साप्ताहिक सुट्टी आणि सणाच्या दिवसांतील वेळा तेथे अचूक असाव्यात. नकाशा पाहून पाच कोस आलेल्या ग्राहकाला बंद दार दिसले, तर तो पुन्हा येत नाही.

पुढचा प्रश्न, दाखवायचे काय? "उत्तम दर्जा, वाजवी भाव" हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत. त्याऐवजी डब्याचे वजन किती, त्यात किती किलो पीठ मावते, बूड किती जाड आहे, कल्हई कोणत्या भांड्याला लागते, हे सांगावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे आणि किंमत स्पष्ट लिहावी. "भावासाठी संदेश पाठवा" असे वाचून अनेक गृहिणी तेथूनच परत फिरतात. लग्नसराईत भांड्यांवर नाव घालणाऱ्या कारागिराचा हात इन्स्टाग्रामवर अर्धा मिनिट दाखवावा. मात्र ज्यांचे नाव कोरले जात आहे, त्यांची अनुमती आधी घ्यावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण डझनांनी घेतले जाते. त्याचे नमुने डिसेंबरच्या अखेरीस दिसले पाहिजेत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी नव्हे. आठवड्यातून दोनदा, पण नेमाने टाकलेला मजकूर पुरे आहे.

पैसे देऊन जाहिरात करावयाची असल्यास ती आपल्या गावाच्या परिसरापुरती ठेवावी. तशी सोय फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर आहे. महिन्याची रक्कम आधी ठरवावी आणि ती ओलांडू नये. गल्ल्यापाशी एक छोटी वही ठेवून प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारावे, "आमचे दुकान कोठून कळले?" तीन महिन्यांनंतर ती वही जे सांगेल, ते पसंतीचे अंगठे सांगणार नाहीत. अंगठ्यांनी गल्ला भरत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. मापात पाप नसावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापांबरोबरच प्रतिरूपक व्यवहारही, म्हणजे खऱ्याच्या जागी तसे दिसणारे देणेही, सांगितला आहे. विकत घेतलेले फॉलोअर, नातेवाइकांकडून लिहवून घेतलेले कौतुक, आधी भाव चढवून मग दिलेली सवलत आणि प्रत्यक्षाहून चकचकीत केलेले छायाचित्र, ही पडद्यावरची खोटी मापेच होत. कायदाही येथे उदासीन नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये स्थापन झालेले केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणारी जाहिरात थांबविण्याचा आदेश व्यापाऱ्यालाही देऊ शकते.

फसवणूक उलट बाजूनेही होते. पैसे पाठविल्याचे चित्र दाखविले म्हणजे पैसे आले असे नव्हे. खात्यात जमा दिसल्यावाचून माल सोडू नये. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये आणि व्हॉट्सॲपची द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी. फसवणूक झालीच, तर विलंब न करता 1930 या साहाय्य क्रमांकावर कळवावे.

तक्रार आली तर ती पुसून टाकू नये. "डबा गळतो" असे कोणी चारचौघांत लिहिले, तर तेथेच "आपण डबा आणावा, बदलून देऊ" असे लिहावे आणि खरोखर बदलून द्यावा. ते उत्तर तक्रारदाराइतकेच, न बोलता वाचणारे इतर ग्राहकही वाचतात.

घरात हे काम वाटून घेता येते. फोन मुलाने किंवा सुनेने सांभाळावा. भांडे हातात घेऊन बोलावे मात्र वडिलांनी. पितळेवर बोटाने टिचकी मारून नाद ओळखणारा तो कान कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही. मुलाला हवी असलेली प्रसिद्धी आणि वडिलांनी जपलेली पत, दोन्ही तेथे एकाच चौकटीत दिसतील.